एफएमवर धर्मसंस्थांना असलेली बंदी उठवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या कळव्यातल्या महिला भजनी मंडळात परवा एक विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "मोठमोठ्या संस्थानांकडे एवढ्या देणग्या जमतात, त्यांनी एखादं एफएम चॅनल विकत का घेऊ नये? दिवसभर अभंग, हरिपाठ, प्रवचनं लावावीत. जाहिरातींचा गोंगाट तरी थांबेल." बऱ्याच जणींनी होकार भरला. मला ते पटलं नाही. पण टाळ वाजायला लागले आणि बोलायचं राहिलं, म्हणून आपल्याकडे लिहिते आहे.

मी घरी ब्लाउज शिवते. हात आणि डोळे कापडात गुंतलेले असतात, कान मोकळे. त्यामुळे रेडिओ ही माझ्यासाठी चैन नाही. पहाटेचं आकाशवाणीवरचं भक्तिसंगीत ऐकूनच माझा दिवस सुरू होतो. देवाचं नाव कानावर पडण्याला माझा विरोध कसा असेल?

2019 मध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी मी न्यू जर्सीला होते. तिच्या स्वयंपाकघरात 95.5 लागलेलं असायचं, न्यूयॉर्कचं डब्ल्यूपीएलजे. इंग्रजी गाणी मला फारशी कळायची नाहीत, पण निवेदक हवामान सांगायचे, शहरातल्या गमतीजमती सांगायचे, आणि आवाजावरून माणसं ओळखीची होतात. 31 मेच्या संध्याकाळी सात वाजता ते केंद्र बंद झालं. 1971 पासून चाललेलं नाव गेलं. त्याच 95.5 वर आता 'के-लव्ह' लागतं, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं. जावई त्या केंद्रावर लहानपणापासूनची गाणी ऐकत आलेल्या आपल्या ऑफिसमधल्या लोकांबद्दल सांगत होते. त्यांना वाईट वाटलं होतं.

पुढे मी जावयांकडून सगळं समजून घेतलं. 'के-लव्ह' चालवणारी एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन नावाची ख्रिस्ती संस्था आहे, 1982 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली. तिने डब्ल्यूपीएलजेची मालक असलेल्या क्युम्युलस या रेडिओ कंपनीकडून न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, अटलांटा वगैरे ठिकाणची सहा केंद्रं मिळून 10 कोटी 35 लाख डॉलरना घेतली. त्याआधी 2017 मध्ये लॉस एंजेलिसचं 100.3 आणि 2018 मध्ये शिकागोचं जुनं रॉक केंद्र 'द लूप' तिच्याकडे गेलं होतं. यात जबरदस्ती कुठेच नव्हती. क्युम्युलस दिवाळखोरीतून नुकतीच बाहेर आली होती, तिला पैसा हवा होता. घेणारी संस्था श्रोत्यांच्या देणग्यांवर चालते, ना नफा असल्यामुळे तिला प्राप्तिकर नाही, आणि जाहिरातदार मिळाले नाहीत म्हणून तिचं काही अडत नाही. अशा गिऱ्हाइकापुढे गावातला छोटा रेडिओवाला टिकणार कसा? आणि तिथे कायद्याची वाटही मोकळी झालेली. देशभरात एकाने किती केंद्रं घ्यावीत याची मर्यादा 1996 च्या कायद्याने काढून टाकली. केंद्राचा मुख्य स्टुडिओ त्याच परिसरात असला पाहिजे, हा जुना नियम 2017 मध्ये रद्द झाला. आता एकाच ठिकाणी तयार झालेला कार्यक्रम उपग्रहावरून शेकडो गावांत जातो. गावात उरतो तो फक्त मनोरा.

त्याने काय बिघडतं, हे आम्हा कळवेकरांना कोणी शिकवायला नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्याकडे वीज नव्हती, मोबाइल लागत नव्हते, माझे यजमान दादरला अडकलेले. मी सेलवरचा छोटा ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन बसले होते. कुठल्या गाड्या बंद आहेत, कुठे पाणी भरलंय, हे मुंबईतल्या स्टुडिओत बसलेला माणूस सांगत होता, कारण तोही त्याच पावसात अडकला होता. दूरवरच्या शहरातून आधीच तयार करून पाठवलेलं भजन कितीही गोड असलं, तरी त्या रात्री त्याचा आम्हाला काय उपयोग झाला असता?

अमेरिकेत याचा अनुभव आला आहे. 18 जानेवारी 2002 ला नॉर्थ डकोटातल्या मायनट गावाजवळ मध्यरात्रीनंतर मालगाडी घसरली आणि अमोनिया वायू पसरला. गावातली सहा व्यापारी रेडिओ केंद्रं एकाच बड्या कंपनीची होती. पोलिसांनी फोन केले तर उचलायला कोणी नाही. चूक कंपनीची की पोलिसांच्या इशारा यंत्रणेची, यावर नंतर बराच वाद झाला. एक माणूस मात्र गेला, शेकडो आजारी पडले. ती कंपनी धार्मिक नव्हती, हे मुद्दाम सांगते. मालक देवाचा माणूस असो की धंद्याचा, गावात बसलेलं कोणी नसेल तर परिणाम एकच.

आपल्याकडे नियम बरा आहे. खासगी एफएमचे परवाने देण्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या 2011 च्या धोरणानुसार धार्मिक संस्थेच्या ताब्यातल्या किंवा तिच्याशी संबंधित कंपनीला परवाना मिळत नाही, राजकीय संस्थेलाही नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. टीव्हीवर भक्तीच्या वाहिन्या आहेत, यूट्यूबवर तर हवी तेवढी कीर्तनं, तिथे जागेला तोटा नाही. एफएमवर मात्र एका शहरात मोजक्याच फ्रिक्वेन्सी मावतात. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलं आहे. त्यातली एक कुठल्या एका पंथाला दिली की दुसरा मागणार, तिसरा मागणार, आणि ज्याच्या हुंडीत जास्त पैसा तो जिंकणार. आमच्या वस्तीत वारकरी आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, चर्चला जाणारेही आहेत. पाणी मात्र सगळ्यांच्याच घरात शिरतं.

हे आत्ताच लिहायचं कारण असं की ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी 234 शहरांत 730 एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आहे. लहान शहरात जाहिराती कमी. उद्या तिथली केंद्रं तोट्यात गेली की "देणगीवाल्यांना घेऊ द्या, निदान बंद तरी पडणार नाहीत" असं म्हणणारे निघतील. त्या वेळी हे कलम सैल करू नये. शिवाय तिसऱ्या टप्प्यात एका मालकाला आपल्या सगळ्या केंद्रांवर एकच कार्यक्रम लावायची मुभा आहे. ती राहू द्या, पण जून ते सप्टेंबर प्रत्येक परवानाधारकाने रात्रंदिवस एक माणूस स्टुडिओत बसवलाच पाहिजे, आणि मुंबईच्या केंद्रांनी ठाणे, कल्याण, बेलापूरचीही खबर दिली पाहिजे, अशी अट घाला. आम्ही त्यांचेच श्रोते आहोत.

आणि अभंग हवेत ना? 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही कम्युनिटी रेडिओचा, म्हणजे आपल्या परिसरापुरत्या छोट्या केंद्राचा, परवाना मिळतो. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये मन देशी तरंग वाहिनी 2008 पासून बायका चालवत आल्या आहेत. ठाणे-नवी मुंबईत एखाद्या महाविद्यालयाने किंवा महिला संस्थेने पुढाकार घेतला, तर सकाळी तासभर भजन म्हणायला आमचं मंडळ येईल, उरलेला वेळ इतरांचा. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक, कळवा (ठाणे)