चासीतली वाळू

प्रिय बाळ्या,

गणपतीत येऊन गेलास, त्यानंतर तुला साधा फोन केला नाही, त्याचं फार वाईट वाटतंय. इकडे सगळे बरे, आईचे गुडघे तसेच, अण्णांची शुगर ताब्यात.

पण आज जे लिहितोय ते दुसऱ्या कोणाला सांगून कळायचं नाही. फॉर्च्युनर बघून आलो. 2013 ची, 4 बाय 4, मॅन्युअल, आपली एमएच 08 च, 1 लाख 34 हजार किलोमीटर चाललेली, मालक साडेनऊ लाख सांगतोय. आई फूटस्टेपवर पाय ठेवून, माझा खांदा धरून स्वतःच्या स्वतः चढली आणि मधल्या सीटवर बसून म्हणाली हीच घे. तिथेच माझा जीव अडकला रे.

तरी तू शिकवलंस तसं सगळं बघितलं. बॉनेटला हात लावला तर गरम, म्हणजे आम्ही पोचायच्या आधीच सुरू करून ठेवलेली. म्हटलं उद्या सकाळी येतो, तोवर चावी फिरवायची नाही. दुसऱ्या दिवशी गार इंजिन एका सेल्फमध्ये सुरू झालं, ऑइलचं झाकण काढलं तर धूर नाही. टायरवरचे बनल्याचा आठवडा-वर्ष सांगणारे 4 आकडे वाचले, चारही 2021 चे, स्टेपनी मात्र गाडीबरोबर आलेलीच. कातळावर नेऊन लिव्हर एचएलला, म्हणजे पुढची-मागची चाकं एकत्र बांधणाऱ्या लॉकला टाकला, दिवा लागला, मग एलएल, म्हणजे तेच लॉक पण हळू जोराचा गिअर, टाकून चढ चढवला तर निवांत चढली. ही कायम चारही चाकांवर चालते, स्कॉर्पिओसारखं टाकावं-काढावं लागत नाही, पण म्हणजे पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा डिफ, शाफ्ट सगळं तेवढेच किलोमीटर फिरलंय, तेही धरायला हवं.

मग खाली झोपलो. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, गंज लागू नये म्हणून मारतात ते नवंकोरं काळं अंडरकोटिंग. आपल्याकडे लोक पावसाआधी मारून घेतात, याने दिवाळीत मारलंय! डाव्या बाजूला मागच्या चाकापुढे पाणी निघायला भोक असतं ना, त्यात स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला तर भुरभुर वाळू तोंडावर. लाल माती नाही, वाळू, करडी, आणि तिच्यात नखाएवढी शिंपल्याची कपची. मागोमाग गंजाचे पापुद्रे.

बाळ्या, आपली जीप आठवली. परशुराम घाटात स्प्रिंगचा हँगर चासीच्या तुकड्यासकट निखळला तेव्हा अण्णा मागे बसले होते. तू अजून म्हणतोस 12 माणसं भरली म्हणून मोडला. नाही रे, कर्द्याला भरतीच्या पाण्यातून रेस मारत होतास तू, 'धुतली की झालं' म्हणत. वरून धुतली, आतल्या पोकळीत खारं पाणी राहिलं ते कोण धुणार होतं? दोन महिने बोललो नव्हतो आपण, आणि मिटलं ते तुझ्या लग्नाच्या पंगतीत, तिथेही माझ्या पानातली जिलबी तूच उचललीस.

मालक म्हणतो गाडी बीचवर कधी नेलीच नाही. अण्णांच्या ओळखीतला, तोंडावर खोटं कसं म्हणू? वाळूचं काढलं तर लगेच साडेआठवर आला, आणि तेच मला जास्त खुपतंय. इंजिन उघडता येतं, गिअरबॉक्स उतरवता येतो, पण चासी आतून खाल्ली असेल तर वेल्डिंगचे टाके मारून त्यात घरच्यांना बसवायचं का? बदलायची म्हटलं तर चासी नंबर तिच्यावरच कोरलेला, म्हणजे आरटीओच्या फेऱ्या. आणि 2028 ला 15 वर्षं भरतात, परत पासिंगला न्यायची. तू म्हणशील दिल्लीची घे, तिकडे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून स्वस्त मिळते, पण तिथली एनओसी, इथला टॅक्स, आणि लांबची गाडी न बघता कशी घेऊ.

ही म्हणते सोडून द्या. पण आई रोज विचारते कधी आणतोस. चिपळूणला डॉक्टरकडे न्यायचं तर रिक्षात तिला दोघांनी उचलून बसवावं लागतं, ती तेव्हा काही बोलत नाही, नुसती पदर सारखा करत बसते. ते बघवत नाही रे.

पोरीचं बारावीचं वर्ष ना, अभ्यास कसा चाललाय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार सांग.

टोकन 25 हजार दिलेत, शनिवारपर्यंत मुदत आहे. शुक्रवारी ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस पकड, खेडला घ्यायला येतो. मोबाईलला लावायचा तो वायरवाला छोटा कॅमेरा तुझ्याकडे आहे ना, तो आण, दोन्ही बाजू आतून बघू. तू हो म्हणालास तर घेईन. नाही म्हणालास तर आईला तू सांगायचंस, तुझं ती ऐकते.

तुझा,
बंड्या