हिमालय मोहिमांच्या जाहिरातीत राखीव दिवस किती तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की पुढच्या उन्हाळ्याच्या हिमालय मोहिमांचं बुकिंग सुरू होतं, यंदाही झालंय, आणि पेपरापासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे जाहिराती दिसतायत. नऊ दिवसांत सहा हजारी (म्हणजे सहा हजार मीटरच्या वरचं) शिखर, दहा दिवसांत सहा हजारी शिखर, दोन शनिवार-रविवार धरून फक्त पाच-सहा रजा. गाईड, तंबू, जेवण, बूट, बर्फावर चालायला बुटाला लावायचे काटे म्हणजे क्रॅम्पॉन, सगळं पॅकेजमध्ये. या जाहिरातींत सगळे आकडे असतात, फक्त राखीव दिवस, म्हणजे आजारपण किंवा खराब हवामानासाठी मोकळे ठेवलेले दिवस, किती तेवढं कुठेच नसतं. मला त्याच एका आकड्याबद्दल लिहायचंय. पत्र लांबेल, पण जमलं तर न कापता छापा ही विनंती.

मी मुलुंडला राहते, फोर्टमध्ये बँकेत नोकरी करते, वय ४८. पंचवीस वर्षं सह्याद्रीत फिरतेय, अलंग-मदन-कुलंग झालंय, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झालाय, मुंब्र्याच्या कातळावर कित्येक रविवार गेलेत. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही दहा जण मुंबईतल्याच एका आयोजकांबरोबर लडाखमधल्या कांग यात्से-२ वर गेलो होतो, उंची ६,२५० मीटर. पूर्वी पहिलं सहा हजारी म्हणून लोक स्टोक कांगरीला जायचे, पण ज्या हिमनदीचं पाणी स्टोक गाव पितं आणि शेतीला वापरतं तिच्यावरच एवढी गर्दी व्हायला लागली की २०२० पासून ते शिखर चढाईला बंद केलं, आणि ती गर्दी आता कांग यात्सेकडे वळलीये.

पहिला प्लॅन आला तो तेरा दिवसांचा होता आणि आज तो कागद काढून बघते तेव्हा वाटतं किती चांगला प्लॅन होता. लेहला दोन रात्री, मग मारखा खोऱ्यातून स्क्यू, मारखा, हांकर, निमालिंग असं हळूहळू चढत बेस कॅम्प, एक अख्खा दिवस बर्फावर सरावाचा, मग शिखर, आणि शेवटी दोन दिवस नुसते राखीव. ग्रुपवर लगेच सुरू झालं की एवढी रजा मिळत नाही, लेहचं परतीचं तिकीट रविवारचंच हवं, राखीव दिवसाचे पैसे कशाला भरायचे, काही करायचंच नाहीये त्या दिवशी. शेवटी पोल टाकला गेला आणि तेराचे नऊ झाले. मीही त्या नऊवरच मत दिलं होतं, हे इथे स्पष्ट सांगते, कारण चूक एकट्या आयोजकांची नव्हती. पण गाईड म्हणून पैसे घेणाऱ्या माणसाने तेव्हा नाही म्हणायला हवं होतं असं मला आजही वाटतं. आम्हाला कळत नव्हतं, त्यांना कळत होतं.

नऊ दिवसांसाठी रस्ताच बदलला. मारखा खोरं सोडून गाडीने थेट चोकदोच्या बाजूला, तिथून चालत साधारण ४,२०० मीटरवर मुक्काम, दुसऱ्या दिवशी कोंगमारू ला खिंड ओलांडून पलीकडे निमालिंग. लेह ३,५०० मीटरवर आहे. म्हणजे एका रात्रीत झोपायची उंची सातशे मीटरने वाढली आणि पुढच्या रात्री निमालिंगला ४,८०० म्हणजे आणखी सहाशेने, आणि मधे ५,२०० च्या आसपासची खिंड पाठीवर सॅक घेऊन ओलांडली ती वेगळीच. उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर साधा नियम सांगतात, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबा. आमच्या प्लॅनमध्ये हा नियम लागोपाठ दोनदा मोडला होता आणि हे कळायला साधी वजाबाकी पुरेशी होती, ती आमच्या दहा जणांपैकी एकानेही केली नाही, आणि त्या दहांत मी बँकवाली.

निमालिंगची रात्र. आमच्यात दादरचा एक मुलगा होता, एकोणतीस वर्षांचा, हाफ मॅरेथॉन पळणारा, सगळ्यात फिट, दोन्ही दिवस सगळ्यात पुढे. डोकं त्याचं आदल्या दिवसापासूनच दुखत होतं, पण पॅरासिटामॉल घेऊन गप्प राहिला, कारण सांगितलं तर थांबवतील आणि थांबायला प्लॅनमध्ये दिवसच नाही हे त्याला माहीत होतं. रात्री दोनच्या सुमारास त्याच्या तंबूतल्या जोडीदाराने मला हाक मारली, ताई जरा बघा ना हा कसा श्वास घेतोय. मी जाऊन टॉर्च लावला तर तो बसून होता, आडवा झाला की गुदमरायचा. ओठ निळसर, नखंही तशीच. पाठीला कान लावला तर आतून हुक्का गुडगुडावा तसा आवाज. बोटाला ऑक्सिमीटर लावला, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ५४ टक्के. बाहेर घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या आणि आत त्या पोराची छाती, हा आवाज मी अजून विसरले नाहीये.

याला डॉक्टरी भाषेत हेप म्हणतात, फुप्फुसात पाणी भरतं. उंचीवर हवेचा दाब कमी, साधारण ५,५०० मीटरला तर मुंबईच्या निम्माच राहतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतला दाब वाढतो आणि पाणी झिरपायला लागतं. बहुतेक वेळा नव्या उंचीवर गेल्यावर दुसऱ्या ते चौथ्या रात्री होतं. फिट माणसाला होत नाही हा मुंबईत सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज आहे, उलट फिट माणूस भराभर वर जातो आणि अंगावर काढतो. जिममध्ये कितीही घाम गाळा, उंचीची सवय मुंबईत होऊच शकत नाही, आपलं महाराष्ट्रातलं सर्वात उंच कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे लेहच्या निम्मंसुद्धा नाही. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी बरेच जण घेतात, डॉक्टरला विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, पण त्या गोळीने शरीराला जुळवून घ्यायला फक्त मदत होते, भरलेलं पाणी ती काढत नाही. त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं, आणि उतरेपर्यंत ऑक्सिजन.

आणि इथेच आमच्या छोट्या प्लॅनचं खरं रूप दिसलं. निमालिंगहून गाडीरस्त्याकडे जायची जवळची वाट परत कोंगमारू लाच्याच वरून जाते, म्हणजे खाली जायला आधी चारशे मीटर चढायचं. ज्याला दहा पावलं चालवत नाहीत त्याला ५,२०० ला नेणं म्हणजे मारणंच. नकाशा आम्ही सगळ्यांनी पाहिला होता, पण कोणी आजारी पडलं तर उतरायचं कुठून हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. आमचा लडाखी गाईड मात्र एक सेकंद थांबला नाही, त्याने पोराकडे बघितलं आणि म्हणाला, हांकरला न्यायचं, उलट्या दिशेला मारखा खोऱ्यात. घोडेवाल्याला उठवलं, पोराला गोधडीत गुंडाळून घोड्यावर बसवलं, एका बाजूने गाईड आणि दुसऱ्या बाजूने जोडीदार धरून चालत होते, ऑक्सिजनचा एकच छोटा सिलिंडर होता तो जेमतेम पुरला. फोनला रेंज नाही, सॅटेलाईट फोन आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय वापरताच येत नाही, त्यामुळे निरोप द्यायचा तर माणूसच पळवायचा. सकाळी हांकरला पोचले तेव्हा ते ४,००० च्या आसपास आले होते आणि पोराने स्वतःहून चहा मागितला. आठशे मीटर उतरल्यावर एवढा फरक. पुढे लेहच्या हॉस्पिटलमध्ये तीन दिवस होता, आज ठणठणीत आहे.

बाकीचे आठ जण आणि एक गाईड मागे राहिलो. बेस कॅम्पला जाऊन दुसऱ्याच रात्री शिखराला निघायचं असं ठरत होतं, कारण तिकीट, पण त्या रात्री वर ढग आणि बर्फ, गाईडने ठाम नकार दिला आणि आमच्यातल्या दोघांनी त्याच्याशी वाद घातला. त्याच्या पुढच्या दिवशी आम्ही सामान बांधून खिंड चढत होतो आणि वर पोचल्यावर मागे वळून बघितलं तर कांग यात्से लख्ख, एक ढग नाही, वारा नाही. तो दिवस पहिल्या प्लॅनमध्ये आमच्या हातात होता. सरावाचा दिवसही आम्ही असाच कापला होता, म्हणजे त्या रात्री निघालो असतो तर क्रॅम्पॉन घालून कडक बर्फावर घसरल्यावर आईस ॲक्स म्हणजे बर्फातली कुऱ्हाड रोवून थांबायचं कसं हे न शिकताच आठपैकी सहा जण वर चालले असते.

हवामानाचं म्हणाल तर २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात सापडून कर्नाटकच्या नऊ ट्रेकर्सचा जीव गेला, तो तर ट्रेक होता, शिखर नव्हे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये द्रौपदी का डांडा शिखरावर हिमप्रपातात उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून २९ जण गेले, ती तर शिकवणारी संस्था होती. मी कोणावर बोट ठेवत नाहीये, एवढंच म्हणतेय की जिथे जाणत्या लोकांवरही अशी वेळ येते तिथे आपण परतीच्या विमानाच्या वेळेवर शिखर बांधतोय.

आपल्याकडे या गोष्टी कळणाऱ्या गिर्यारोहण संस्था नाहीत असंही नाही. हिमालयन क्लब १९२८ पासूनचा आणि त्याचं मुख्य कार्यालय आपल्या मुंबईत आहे, गिरिविहार १९५४ पासून आहे, पुण्याच्या गिरिप्रेमीने २०१९ ला कांचनजुंगावर एकाच मोहिमेत दहा जण पोचवले. अशा मोहिमांत वर-खाली करत शरीराला सवय व्हायला आणि चांगली वेदर विंडो, म्हणजे हवामान स्वच्छ राहील असे सलग दिवस, मिळायला आठवडे जातात, बातमी मात्र शिखरावरच्या फोटोची होते आणि तंबूत बसून काढलेल्या दिवसांचं कोणी लिहीत नाही. म्हणून आपल्याला वाटतं बसून राहिलेला दिवस म्हणजे फुकट गेलेला दिवस.

जे पैसे भरायच्या तयारीत आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की आयोजकांकडून रोजच्या मुक्कामाची उंची लेखी मागा आणि स्वतः वजाबाकी करा. राखीव दिवस किती आणि तो आजारासाठी की हवामानासाठी की दोन्हीसाठी, तेही लेखी. एका गाईडमागे किती माणसं आणि एक गाईड आजाऱ्याबरोबर खाली गेला तर उरलेल्यांचं काय. गाईडने दार्जिलिंग, उत्तरकाशी, मनाली किंवा पहलगामच्या संस्थेतून कोणता कोर्स केलाय, नुसता बेसिक की पुढचा ॲडव्हान्स आणि मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन म्हणजे शिकवायचा कोर्सही. शिखराच्या दिवशी किती वाजता, कुठेही असलो तरी, मागे फिरायचं, ही वेळ आधी ठरलेली हवी, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो आणि वरून दगड सुटायला लागतात. प्रत्येक मुक्कामावरून खाली उतरायचा रस्ता कुठला आणि तो मधेच वर चढतो का. इन्शुरन्स काढताना पॉलिसी शेवटपर्यंत वाचा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत दोर लावून केलेली चढाई बऱ्याचदा धरलेलीच नसते. आणि डोकं दुखलं तर सांगा, त्याच क्षणी, पैसे गेले तरी चालतील.

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला लावली, ते चांगलंच झालं. पण ते मुळात राज्यातल्या उपक्रमांसाठी. मुंबईत ऑफिस थाटून हिमालय विकणाऱ्यांनाही निदान उंचीचा तक्ता आणि राखीव दिवस जाहिरातीतच छापायला लावता येईल का याचा सरकारने विचार करावा. आणि संपादकसाहेब, तोवर आपल्या पेपरने तरी मोहिमेची जाहिरात घेताना एवढे दोन आकडे मागून घ्यावेत. गेल्या आठवड्यात मी स्वतः तीन आयोजकांना फोन करून हेच विचारलं. एकाने लगेच कागद पाठवला. एकाने परत फोन करतो म्हटलं. तिसरे म्हणाले, मॅडम, राखीव दिवस धरला की पॅकेज महाग होतं आणि लोक दुसरीकडे जातात, आणि मला त्यांचं म्हणणं खोटं वाटलं नाही, कारण आम्हीही तसेच गेलो असतो.

येत्या ऑगस्टमध्ये आम्ही सहा जण पुन्हा जातोय, तो दादरचा मुलगाही आहे, फुप्फुसाच्या डॉक्टरांना दाखवून आणि ते म्हणतील तेवढंच हळू चढायचं असं कबूल करून. या वेळी मारखा खोऱ्यातूनच, सोळा दिवस, त्यातले तीन राखीव, आणि परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं. रजेचा अर्ज मी आत्ताच देऊन ठेवलाय.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई