काळी चार

ठाणे, रविवार, रात्रीचे पावणेदोन

प्रिय बंड्या,

आठ महिने ना फोन, ना पत्र. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मी थांबतो. झाल्या? बरं. शुगर आटोक्यात, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, हिचे गुडघे आहेत तसेच. तब्येतीचं एवढंच.

काल वाशीला भावे नाट्यगृहात बाई गायल्या.

हो, आपल्याच बाई. एकोणीस वर्षांनी. सगळा घाट भाच्याने घातलाय, ज्याने तुझ्या डग्ग्यावर दूध सांडलं होतं तोच. वाशी, ठाणे, नाशिक, पुणे. "मावशी, २०२३ ला आशाताई नव्वदाव्या वाढदिवशी दुबईत गायल्या, तू तर बहात्तरचीच आहेस," एवढ्या एका वाक्यावर त्याने तिला उठवलं. बाईंनी माझ्यापाशी केसरबाई केरकरांचं नाव काढलं. वय आवाजात उतरायला लागलं तशी त्यांनी जाहीर गाणी बंद केली, तेवढा शहाणपणा आपल्याला नको का, म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, १९७७ ला त्यांचा आवाज व्हॉयेजर यानावर बसून अंतराळात गेला. आपल्याला नुसता कळव्याचा पूल ओलांडायचाय." हसल्या, आणि तिथेच फसल्या.

तालमी त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. नऊ वाजले की सेक्रेटरी दारात उभा राहून घड्याळाकडे बघतो. पहिल्या दिवशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "काळी चार." पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा तोच जुना उंच सूर, जसा काही चहा सांगितला. मी सा दिला. मुखडा ठीक गेला, अंतऱ्याला वरच्या सा वर आवाज फाटला. पंखा बंद करायला लावला. दुसऱ्या दिवशी फ्रीजच्या पाण्यावर खापर. तिसऱ्या दिवशी फाटला तेव्हा काहीच बोलल्या नाहीत, नुसती वही मिटली आणि चष्मा पुसत बसल्या. बंड्या, बाई काही न बोलणं तू कधी पाहिलंयस? मला ते सोसेना.

आणि मला सारखा १९९७ चा गडकरी रंगायतनचा मेकअप रूम आठवत होता. "बाई, एक सूर उतरा, काळी तीन घ्या, अजून पंधरा वर्षं गाल," असं तू तोंडावर म्हणालास. त्या म्हणाल्या, तुला तबला चढवायचा कंटाळा आलाय. मग माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, काळी चारलाच बाईंचा आवाज खुलतो. धाकट्याच्या वेळचे दिवस होते, घरात येणारे पैसे बाईंच्याच कार्यक्रमांचे. तू तबला बांधलास आणि निघालास. तलावपाळीवर मी दोन भेळी घेऊन तुझ्यामागे धावलो, तू खाल्ली नाहीस. दोन्ही मीच खाल्ल्या. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलोय की बंड्याचा अहंकार नडला. (तुझी हातोडी माझ्याकडेच आहे. चोरली नव्हती, तू विसरलास.)

आता ऐक. माझी पेटी स्केल चेंजर आहे. बाई पेटीवाल्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, बोटाकडे बघतात, हे तुला माहीत आहे. बोट काळी चारवर पडलं की त्यांचे खांदे सैल होतात. मी त्या यायच्या आधी पट्ट्या उचलून दोन घरं डावीकडे सरकवल्या. बोट काळी चारवर, आवाज काळी तीनचा. पुढच्या आठवड्यात पांढरी चार. वाशीच्या आदल्या दिवशी काळी दोन. अडीच सूर खाली! तानपुऱ्याच्या डब्याचं बटण फिरवलं, कीबोर्डवाल्याला ट्रान्सपोज सांगितला, तबल्याचा पोरगा म्हणाला, "काका, मग मला दुसरा तबला लागेल." आण म्हटलं. सगळे सामील.

मनाची समजूत घालायला घशाच्या डॉक्टरलाही विचारलं. तो म्हणाला, वयाने बायकांचा आवाज खाली येतो आणि पुरुषांचा उलट थोडा वर चढतो. म्हणजे आणखी दहा वर्षांनी मी आणि बाई एकाच पट्टीत, तेव्हा द्वंद्वगीतं घेऊ.

कार्यक्रम म्हणशील तर पुढच्या सहा-सात रांगा भरलेल्या, मागे तुरळक. भाच्याला पाठीमागे मोठा पडदा आणि त्यावर पक्षी उडवायचे होते, ते बाईंनी हाणून पाडलं. मांडी घालवत नाही म्हणून खुर्ची. साउंडवाल्याने कानात घालायचं यंत्र दिलं, ते पहिल्याच गाण्यात उपटून काढलं, "बोळे घालून गाऊ का?" दोन ठिकाणी शब्द विसरल्या आणि आलाप घेऊन वेळ मारून नेली. लोकांना तो आलापच आवडला. मग आपलं ते 'विहिरीतलं' गाणं आलं. अंतऱ्याला वर गेल्या आणि वरचा सा असा लागला, असा स्वच्छ, की माझा भात्यावरचा हातच थांबला. पेटी बंद पडली आणि त्या एकट्या त्या सुरावर उभ्या.

परतताना गाडीत मागे त्या आणि मी. रबाळ्याला ट्रक आडवा झालेला, गाडी हलेना. खडीसाखर चघळता चघळता म्हणाल्या, "पोराच्या तबल्याचं तोंड केवढं होतं रे?"

मी म्हटलं, "नेहमीचंच."

"चाळीस वर्षं तबल्याशेजारी बसलेय. काळी चारच्या तबल्याचं तोंड एवढं मोठं नसतं."

मग कळवा येईपर्यंत एक शब्द नाही. पुलावर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्याने निदान तोंडावर सांगितलं होतं."

उतरताना लिफ्टपाशी विचारलं, "ठाण्याला तबल्याला कोण?" मी म्हटलं, हाच पोरगा. "विचार त्याला," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. कोणाला, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

आता सांग, मी काय करू? बोलून मोकळा होऊ, तर त्या खरंच परत काळी चार म्हणायच्या आणि गडकरीत सगळ्यांसमोर आवाज फाटायचा. गप्प राहू, तर मंगळवारच्या तालमीला बोट कुठे ठेवू? त्या बोटाकडे बघणार, आणि मला माहीत असणार की त्यांना माहीत आहे. ही म्हणते, तुम्ही दोघं म्हातारे झालात. मला वाटतं, पहिल्याच दिवशी त्यांच्या गळ्याला कळलं असेल. मग महिनाभर त्या माझ्या बोटाकडे बघत होत्या त्या कशासाठी?

पोरीचं लग्न ठरल्याचं कळलं, अभिनंदन. जावई काय करतो? वहिनींना नमस्कार. क्लासला मुलं किती आहेत सध्या?

गडकरी दुरुस्तीनंतर उघडलंय. शनिवार-रविवार नाटकवाल्यांचे, आपल्या वाट्याला बुधवारची दुपार आलीय, पुढच्या महिन्यातला दुसरा बुधवार. आदल्या दिवशी ये, झोपायची सोय माझ्याकडे. आणि येताना मिरजेहून मोठ्या तोंडाचा तबला आण. हातोडी आणू नकोस, इथे आहे.

तुझा,
पेटीवाला