राखाडी रंगाचा ‘लाल’

आदरणीय ताई,

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही “बरं, ते शाई वाळू देऊ नका हं, आठवड्यातून एखादं रंगीत पान काढत जा,” म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. इथे तुम्हाला मला थांबवता येणार नाही.

बाकीच्यांना काय घडलं ते सांगतो. मी लहान मुलांसाठी रंगओळखीची कार्डं करतो. वर रंगाचा मोठा गोळा, खाली ठळक अक्षरांत त्याचं नाव. एका रात्री कॉम्प्युटरवर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती चढवली आणि सकाळी कार्डांचा गठ्ठा छापायला घेतला. पहिलं कार्ड बाहेर आलं: राखाडी गोळा, खाली लिहिलंय ‘लाल’. दुसऱ्यावर त्याहून फिका राखाडी गोळा, खाली ‘पिवळा’.

पुढचे दोन तास मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. रंगीत कार्ट्रिज अर्धं भरलेलं असताना बदललं. हेड क्लीनिंग, म्हणजे शाईची छिद्रं साफ करणं, चार वेळा चालवलं. प्रिंटर बंद-चालू किती वेळा केला त्याचा हिशेब नाही. शेवटी मेव्हणीने तुमचा नंबर दिला. “छापखान्यात प्रीप्रेसला, म्हणजे छपाईआधीच्या तयारीत, आयुष्य गेलंय त्यांचं, पण घरगुती प्रिंटरलाही नाही म्हणत नाहीत,” एवढीच ओळख.

तुमचं पहिलं वाक्य होतं, “ते क्लीनिंग आधी थांबवा.” दर वेळी त्यात चांगली शाई खर्ची पडते आणि प्रिंटरच्या पोटातल्या पॅडमध्ये जाऊन बसते, हे मला तेव्हा कळलं. दुसरं वाक्य, “आता कॉम्प्युटरची वायर काढा.” मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. वायर काढून मी छापू काय? पण तुम्ही प्रिंटरच्याच बटणांवरून नोझल चेकचं, म्हणजे सगळ्या छिद्रांतून शाई येते का ते दाखवणारं, पान काढायला लावलंत. निळसर, गुलाबी, पिवळ्या, काळ्या बारीक रेघांच्या जाळ्या उमटल्या, एकही रेघ तुटलेली नाही. “झालं. प्रिंटर निर्दोष सुटला,” तुम्ही म्हणालात. दोन तास मी ज्याला धुऊन काढत होतो त्याचा काही गुन्हाच नव्हता.

मग वायर पुन्हा लावून तुम्ही विचारलंत, “यादीत प्रिंटर किती दिसतात?” घरात प्रिंटर एक, यादीत दोन. नावं जवळजवळ सारखी, एकाला शेपटीला जास्तीची अक्षरं. अपग्रेडने जुन्या ड्रायव्हरचं, म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटरमधल्या दुभाष्या प्रोग्रॅमचं, पॅकेज काढून टाकलं होतं आणि आपल्या मनाने एक नवी रांग, म्हणजे त्याच प्रिंटरची यादीतली दुसरी नोंद, उभी केली होती. मी छापत होतो ते त्या नव्या रांगेतून.

हे का होतं, ते तुम्ही सांगितलंत तसंच मांडतो, कारण इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. लिनक्सवर छपाईचा कारभार १९९९ मध्ये आलेल्या कप्स या यंत्रणेकडे असतो. पूर्वी प्रत्येक मॉडेलची एक वर्णनाची फाइल, म्हणजे पीपीडी, कॉम्प्युटरकडे असायची आणि प्रिंटरला काय काय जमतं ते तीत लिहिलेलं असायचं. आता फाइल मोडीत निघतेय. कॉम्प्युटर आयपीपी (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल) या भाषेत थेट प्रिंटरलाच विचारतो, ‘तू रंगीत छापतोस का? कागद कोणकोणते घेतोस?’ फोनवरून ड्रायव्हरशिवाय छपाई होते ती, म्हणजे २०१० मध्ये आलेलं एअरप्रिंट, याच जातीचं. विंडोजचाही मोहरा तिकडेच वळलाय. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बाजूला सारण्याची योजना जाहीर केली. म्हणजे हा घोळ फक्त माझ्यासारख्या हौशी लिनक्सवाल्याच्या नशिबी आहे असं नाही.

तुम्ही टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, प्रिंटरची सेटिंगं दाखवणारी एलपीऑप्शन्सची कमांड लिहायला लावलीत, प्रिंटरच्या नावासकट. पंधरावीस ओळी आल्या. “कलरमॉडेलची ओळ वाचा. तारा कुणाच्या डोक्यावर आहे?” ओळीत ग्रे म्हणजे राखाडी होतं, आरजीबी म्हणजे रंगीत होतं आणि निवडलेल्या पर्यायाची खूण असलेली ती बारीकशी चांदणी ग्रेच्या डोक्यावर बसली होती. सगळा तमाशा त्या एका चांदणीचा!

ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं ६३१ नंबरचं पोर्ट, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरचं कप्सचं सेटिंगचं पान, उघडून ती चांदणी आपण आरजीबीवर नेली. छापलं. पुन्हा राखाडी. मी हताश झालो, तुम्ही मात्र हसलात. “सकाळपासून तुम्ही स्वतःही काहीतरी खुडबुड केली असणार.” केली होती. कप्समध्ये एक सेटिंग सगळ्यांसाठी असतं आणि एक फक्त आपल्या खात्यापुरतं. खात्यातलं असेल तर तेच वरचढ ठरतं. माझ्या होम फोल्डरमधल्या लपवलेल्या कप्स फोल्डरमध्ये सकाळच्या खुडबुडीची एक ओळ पडून होती. ती पुसली आणि लाल गोळा लाल झाला. मी ओरडलो ते तुम्हाला फोनवर ऐकू गेलंच असेल.

खरं तर माझं काम इथेच झालं होतं. पण लाल जरा विटकरी वाटतोय असं मी सहज म्हणालो आणि तुम्ही सरसावून बसलात, हे मला आवाजावरूनही कळलं. मी फोटो पाठवतो म्हटलं तर, “फोटो नको. फोटोत कॅमेरा आपला रंग घालतो. अपग्रेडच्या आधीचं एखादं कार्ड आहे का शिल्लक?” होतं, पुस्तकात खूण म्हणून घातलेलं. ते आणि नवं खिडकीपाशी शेजारी शेजारी धरायला लावलंत, दिवा बंद करून. जुना लाल टवटवीत, नवा खरंच मळलेला.

“रंग कोण सांभाळतंय, ॲप की ड्रायव्हर?” या प्रश्नाला माझं उत्तर होतं, “दोघंही असतील.” तेच होतं. अपग्रेडनंतर चित्राचं ॲप आपल्या परीने प्रिंटरचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्याच्या रंगांचं वर्णन करणारी फाइल, लावून रंग बदलत होतं आणि छपाईची रांग तेच आधीच बदललेले रंग पुन्हा बदलत होती. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमचा पाहुणा दोन्हीकडे जेवून अजीर्णाने बेजार. ॲपमधलं रंग सांभाळणं बंद केलं, ते काम रांगेकडे ठेवलं. शिवाय कागदाचा प्रकार ‘साधा’ झाला होता तो पुन्हा ‘मॅट’ केला, कारण शाई किती सोडायची हे प्रिंटर त्यावरून ठरवतो. तिसरं कार्ड जुन्याला भिडलं.

निळ्यावर मात्र आपलं भांडण झालं. स्क्रीनवर दिसतो तसा झगझगीत निळा मला हवा होता आणि कागदावर तो जांभळ्याकडे झुकत होता. “तो यायचाच नाही,” तुम्ही म्हणालात. स्क्रीन प्रकाशाने रंग बनवते, प्रिंटर शाईने, आणि स्क्रीनवरचे काही रंग शाईच्या आवाक्यातच नसतात. मी हट्ट सोडेना तेव्हा तुम्ही विचारलंत, “किती वाजलेत? नाइट लाइट चालू नाही ना?” संध्याकाळ झाली होती आणि स्क्रीन कधीचीच पिवळी पडली होती. म्हणजे मी ज्याच्याशी ताडून पाहत होतो ते मापच वाकडं. शेवटी निळा थोडा गडद घेतला. आता तो निळाच दिसतो, पण तुम्ही बरोबर होतात हे इथे लेखी देतो.

ताई, एवढ्या वेळात एकदाही तुम्ही “हे करून बघा, कदाचित होईल” असं म्हणाला नाहीत. दर वेळी एकच गोष्ट बदलायला लावलीत आणि काय दिसलं ते ऐकून घेतलंत. मी मधेच दुसऱ्या कशाला हात लावला की, “ते ठेवा खाली,” असा दम मिळायचा. तुमच्या हाताखाली छपाईच्या प्लेटा काढणाऱ्या मुलांची मला तेव्हा थोडी दया आली आणि बराचसा हेवा वाटला.

‘लाल’ लिहिलेलं ते राखाडी कार्ड मी प्रिंटरच्या वर चिकटवलंय. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळ्या सेटिंगची यादीही एका पानावर छापून शेजारी लावली, पुढच्या अपग्रेडच्या आधी वाचायला. ते पान मात्र मुद्दाम काळ्या-पांढऱ्यात छापलं. शाई वाचवली, ताई.

तुमचा,
कार्डवाला