स्पोअर टेस्ट फेल, सर्व्हिस रिपोर्टवर मात्र ‘मशीन ओके’

प्रति,
प्रमुख, ग्राहकसेवा विभाग
(कंपनीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही)

विषय : क्लास बी ऑटोक्लेव्हची सदोष दुरुस्ती आणि चुकीचा सर्व्हिस रिपोर्ट

महोदय / महोदया,

गिरगावात माझा दातांचा दवाखाना आहे. एक खुर्ची, एक मदतनीस ताई आणि तुमच्या कंपनीचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने इन्स्ट्रुमेंट्स निर्जंतुक करणारे मशीन. वार्षिक देखभालीचा करारही तुमच्याशीच आहे, तोही ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’, म्हणजे सुट्या भागांसह. हेल्पलाइन आणि ई-मेलवर बोलून-लिहून झाले. दरवेळी नवा तक्रार क्रमांक मिळतो आणि जुना आपोआप ‘क्लोज’ होतो, म्हणून आता सगळे एकाच पत्रात लिहीत आहे.

पावसाळा सुरू झाला तसे सायकल संपल्यावर पाऊच, म्हणजे इन्स्ट्रुमेंट्सची कागदी पाकिटे, ओले निघू लागले. ओले पाऊच निर्जंतुक धरायचे नसतात. कागद भिजला की बाहेरचे जंतू त्यातून आत शिरतात. तुमचा इंजिनिअर म्हणाला, “पाऊस आहे मॅडम, मुंबईत सगळीकडे हेच चाललंय.” पाऊस बाहेर पडतो. पाऊच वाळतात ते बंद चेंबरमध्ये, व्हॅक्यूम पंपाच्या जोरावर. दार उघडताक्षणी पाऊचमध्ये पाणी दिसत असेल तर आधी पंप तपासायचा असतो. त्याने दाराची गॅस्केट (रबरी कडी) बदलली, रिपोर्टवर ‘मशीन ओके’ लिहिले आणि ओटीपी मागितला. ‘इंजिनिअर येऊन गेल्याची नोंद’ म्हणून घेतलेला हा ओटीपी तुमच्या ई-मेलमध्ये ‘ग्राहक समाधानी असल्याचा पुरावा’ झाला आहे, हेही इथेच नोंदवते.

पाऊच ओलेच राहिले. शिवाय मशीन व्हॅक्यूम लीक टेस्टला अडू लागले आणि सायकल अर्ध्यावर सोडून एरर दाखवू लागले. ते बरोबरच होते. बाहेरची हवा आत शिरते आहे असे कळल्यावर मशीनने थांबायलाच हवे. पुढच्या भेटीत एरर गेली. कशी गेली, ते मला मशीनच्या लॉगमधून कळले. आधीच्या सायकलमध्ये सुरुवातीला तीनदा हवा खेचून घेतल्याच्या नोंदी आहेत. त्या भेटीनंतर एकही नाही. पंप दुरुस्त करण्याऐवजी, पंपाची गरजच पडणार नाही असा प्रोग्राम लावून दिला गेला. स्क्रीनवर १३४ अंश दिसतात, ‘सायकल कम्प्लीट’ येते, सगळे छान.

क्लास बी मशीन घ्या म्हणून तुमच्याच प्रतिनिधीने मला गळ घातली होती आणि त्याचे कारण त्याने अगदी नीट समजावले होते. दात कोरायचा एअरोटर हँडपीस आतून पोकळ असतो, त्यात बारीक नळ्या असतात. त्या नळ्यांत अडकलेली हवा आधी बाहेर काढली नाही, तर वाफ आत पोचत नाही. चेंबरचा सेन्सर १३४ दाखवत राहतो आणि नळीच्या आत तेवढे तापमान झालेलेच नसते. पाऊचमध्ये बंद केलेल्या इन्स्ट्रुमेंट्सचेही तेच. व्हॅक्यूम नसलेली क्लास एन मशीन न गुंडाळलेल्या, भरीव इन्स्ट्रुमेंट्ससाठी असतात. म्हणजे पैसे मी क्लास बीचे मोजले आणि दवाखान्यात चालत होते ते क्लास एन.

हे लक्षात आणून दिल्यावर इंजिनिअरचे उत्तर : “टेप काळी होतेय ना मॅडम, मग?” पाऊचवर चिकटवलेल्या इंडिकेटर टेपचा रंग बदलतो तो पाकिटाला बाहेरून वाफ आणि उष्णता लागल्यामुळे. आतले जंतू मेले की नाही, ते टेप सांगत नाही. त्यासाठी मी दर आठवड्याला स्पोअर टेस्ट करते. जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची कुपी लोडमध्ये ठेवायची, मग ५६ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये. जांभळी राहिली तर बीजाणू मेले, पिवळी झाली तर जिवंत. कुपी पिवळी झाली. पुन्हा केली, पुन्हा पिवळी. पोकळ नळीच्या आत वाफ पोचते का ते तपासणाऱ्या हेलिक्स टेस्टच्या पट्टीचा रंगही बदलला नाही, म्हणजे तीही फेल.

त्यानंतर जे करावे लागले त्याची तुमच्या कॉल सेंटरला कल्पना असण्याचे कारण नाही. माझ्याकडे प्रत्येक पाऊचवर तारीख आणि सायकल क्रमांक लिहिला जातो आणि तोच क्रमांक पेशंटच्या कार्डावर चढतो. ताईंना या लिखापढीचा कंटाळा यायचा. आता येत नाही. कारण शेवटची चांगली टेस्ट आणि पहिली पिवळी कुपी यांच्या मधले सगळे पाऊच त्यामुळेच बाहेर काढता आले, आणि कोणाला फोन करायचा तेही कळले. मी स्वतः फोन केले. धोका फार कमी आहे, सगळे अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये धुतलेले आणि वाफेत तापलेले होते, तरी हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या माझ्या खर्चाने करून घ्या, असे सांगितले. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या पृष्ठभागावरही सात दिवस तग धरू शकतो, त्यामुळे ‘काही होणार नाही’ म्हणून गप्प बसणे मला जमले नसते. खेतवाडीतल्या एका आजींनी विचारले, “म्हणजे मशीन खोटं बोललं?” मी हो म्हणाले. खरे तर मशीन खरे बोलत होते, तुम्ही त्याचे तोंड बंद केलेत.

मशीन तेव्हापासून बंद आहे. दात काढणे आणि इम्प्लांट पुढे ढकलले आहेत. बाकीचे काम ठाकूरद्वारच्या एका मित्राच्या दवाखान्यातून डबे निर्जंतुक करून आणून चालवते आहे.

तुमची आतापर्यंतची उत्तरे थोडक्यात. नळाचे पाणी वापरले असेल : डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनची बिले जोडली आहेत, आणि पाण्याची शुद्धता तपासणारा सेन्सर तुमच्याच मशीनमध्ये आहे, त्याने कधी कुरकुर केलेली नाही. व्होल्टेज : स्टॅबिलायझर तुमच्याच माणसाने बसवला. पंप ‘कन्झ्युमेबल’ (वापरात झिजणारा भाग) असल्याने करारात बसत नाही : करारातल्या कन्झ्युमेबलच्या यादीत गॅस्केट, फिल्टर आणि फ्यूज आहेत, पंप नाही. शेवटी, मी ‘व्यावसायिक वापरकर्ती’ असल्याने ग्राहकच नाही, असेही कळवलेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे कलम २(७) स्पष्टीकरणासह वाचावे. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूचा वापर व्यावसायिक धरला जात नाही. एका खुर्चीचा दवाखाना आणखी काय असतो?

पैशांचा हिशेब मी वेगळा पाठवीन. आधी पंप बदला, मूळ प्रोग्राम परत लावा, आणि लीक टेस्ट व हेलिक्स टेस्ट माझ्यासमोर करून तापमान सेन्सरचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र द्या. ‘मशीन ओके’ लिहिलेले रिपोर्ट रद्द करून, प्रोग्राम केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलला, हे लेखी कळवा. मला त्या इंजिनिअरची नोकरी घालवायची नाही. सकाळी कुलाबा, दुपारी विरार असे कॉल त्याच्या गळ्यात घालून संध्याकाळपर्यंत ते ‘क्लोज’ करायला सांगणारे कोणीतरी तुमच्या ऑफिसात बसले आहे. पण असाच उपाय त्याने आणखी कोणत्या दवाखान्यांत केला, ते शोधून त्या डॉक्टरांना तुम्ही आजच कळवायला हवे. सगळेच दर आठवड्याला स्पोअर टेस्ट करत नाहीत. हे काम माझ्या मशीनच्याही आधी करा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. लॉगची प्रत, दोन्ही टेस्टचे फोटो, करार आणि बिले सोबत आहेत.

दवाखाना दुपारी एक ते चार बंद असतो. इंजिनिअर त्या वेळात पाठवावा आणि पंप त्याच्या हातात द्यावा. नुसते बघून जायला कोणाला पाठवू नये.

आपली,
एक दंतचिकित्सक, गिरगाव, मुंबई