नव्या बॅटऱ्या घेण्याआधी जुन्या मोजून पाहू : डिस्चार्ज चाचणीच्या संचासाठी आवाहन

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्याला असलेले चाकरमानी यांस ग्राम आपत्ती व्यवस्थापन समितीचा सप्रेम नमस्कार.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत विजेचे खांब आडवे झाले. कित्येक वाड्यांत लाईट यायला आठवडे लागले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. त्यानंतर आपल्या गावात हळूहळू बॅटऱ्या जमा झाल्या. ग्रामपंचायत, आरोग्य उपकेंद्र आणि शाळा यांच्या इन्व्हर्टरना, समुद्राकडच्या वाडीतल्या सौर पथदिव्यांना आणि सूचना देण्याच्या भोंग्याला. बहुतेकींना आता चार-पाच वर्षे होत आली. पुन्हा तशी वेळ आली तर उपकेंद्रातला दिवा आणि नेब्युलायझर किती तास चालेल, याचे खात्रीचे उत्तर आज कोणाकडेही नाही.

सगळ्या बॅटऱ्या एकदम बदलून टाका, अशी सूचना मागच्या बैठकीत आली होती. तिच्यामागची काळजी खरी आहे. पण दीडशे एएचची (एएच म्हणजे ॲम्पिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप) एक ट्युब्युलर, म्हणजे इन्व्हर्टरला लावतात तशी नळीदार प्लेटांची बॅटरी पंधरा हजारांच्या घरात जाते, आणि त्यांतल्या काही अजून चांगल्या असण्याची बरीच शक्यता आहे. म्हणून समितीने ठरवले आहे की आधी प्रत्येक बॅटरी मोजायची आणि मगच बदलायची. हे आवाहन बॅटऱ्यांसाठी नसून मोजण्याच्या साधनांसाठी आहे.

आपण सहसा बॅटरीला मीटर लावतो, साडेबाराच्या वर व्होल्ट दिसले की निश्चिंत होतो. पण विश्रांतीत असलेल्या बॅटरीचे व्होल्टेज ती किती भरली आहे एवढेच सांगते, तिच्यात मुळात किती मावते हे सांगत नाही. बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचेही तसेच. बॅटरी म्हणजे जणू विजेचा हंडा. चार वर्षांत प्लेटा झिजून हा हंडा बारीक झाला असला, तरी तो काठोकाठ भरलेला दिसतोच. दुकानदाराकडचा लोड टेस्टर काही सेकंद मोठा करंट ओढतो. गाडी सुरू होईल का हे त्यावरून कळते, रात्रभर दिवा जळेल का हे नाही. क्षमता कळायला पूर्ण भरलेली बॅटरी ठरावीक करंटने शेवटपर्यंत रिकामी करून वेळ मोजणे, म्हणजेच डिस्चार्ज चाचणी, हाच खात्रीचा मार्ग आहे.

दीडशे एएचची बॅटरी दहा तासांच्या दराची असेल, म्हणजे तिच्यावर सी-टेन लिहिले असेल, तर पंधरा ॲम्पिअरने तिने दहा तास टिकले पाहिजे. व्होल्टेज १०.८ वर आले की थांबायचे. सातच तासांत तिथे आली तर क्षमता १०५ एएच, म्हणजे सत्तर टक्के उरली. ऐंशी टक्क्यांच्या खाली गेलेली बॅटरी बदलावी, हा जगभर पाळला जाणारा दंडक आपणही पाळणार आहोत. सी-ट्वेंटी, म्हणजे वीस तासांचा दर लिहिलेली बॅटरी मात्र साडेसात ॲम्पिअरने, १०.५ व्होल्टपर्यंत तपासावी लागते. तिला पंधराने तपासले तर तास निम्म्याहूनही कमी भरतात आणि चांगली बॅटरी नापास ठरते.

साधनांच्या निवडीवर समितीत बराच खल झाला. सर्वात स्वस्त उपाय म्हणजे गाडीचे ५५ वॉटचे हॅलोजन बल्ब. एक बल्ब साधारण साडेचार ॲम्पिअर ओढतो, तीन-चार जोडले की भार तयार. अडचण अशी की व्होल्टेज उतरते तसा बल्बचा करंटही उतरतो आणि दोन बॅटऱ्यांची बरोबरीने तुलना होत नाही. म्हणून मुख्य साधन म्हणून इलेक्ट्रॉनिक लोड, म्हणजे बॅटरीतून ठरलेला करंट स्थिरपणे ओढणारे यंत्र घ्यायचे आहे. पंधरा ॲम्पिअरला जवळपास १९० वॉट उष्णता होते, तीही दहा तास सलग. दीडशे वॉटचे छोटे मॉड्यूल त्याला पुरणार नाही. तीनशे वॉटचा, चांगला पंखा असलेला आणि ठरलेल्या व्होल्टेजला आपोआप तोडणारा लोड हवा. बल्ब आम्ही अडीअडचणीला ठेवू.

लोडला व्होल्टेज मोजण्याच्या दोन स्वतंत्र तारा असाव्यात, हा आमचा आग्रह आहे. जाड तारेतही दहा मिलीओहम रोध सहज असतो. पंधरा ॲम्पिअरला तिथे ०.१५ व्होल्ट पडतात, लोडला ते कमी दिसतात आणि चाचणी वेळेआधी संपते. मोजणाऱ्या तारा थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावल्या की हा घोळ मिटतो.

नोंदीसाठी आपल्या गावातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी लॉगर, म्हणजे आपोआप नोंदी ठेवणारे यंत्र बनवून देण्याची तयारी दाखवली आहे, ही आनंदाची गोष्ट. करंट मोजण्यासाठी ५० ॲम्पिअर, ७५ मिलीव्होल्टचा शंट, म्हणजे अगदी कमी रोधाची पट्टी घ्यायची आहे. पंधरा ॲम्पिअरला ती २२.५ मिलीव्होल्ट देते. लॉगरमधल्या साध्या आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाला इतक्यात जेमतेम चार-पाच पायऱ्या दिसतात, म्हणून सोबत बारीक मोजणारी एडीएस १११५ ही १६ बिटांची चिप लागेल. मग पाच मिलीॲम्पिअरचा फरकही कळतो. दर दहा सेकंदांनी वेळ, व्होल्ट, करंट आणि तापमान मेमरी कार्डावर उतरेल. दहा तासांत ३,६०० नोंदी होतील, कोणत्याही संगणकात उघडतील अशा. आपल्याकडे चाचणीच्या मधेच लाईट जाणार हे धरूनच चालायला हवे. लॉगरला म्हणून स्वतःची छोटी बॅटरी देऊ. पॉवर बँक चालणार नाही, कमी करंट दिसला की ती आपणच बंद होते.

पथदिव्यांतल्या लिथियम फॉस्फेट बॅटऱ्यांसाठी तर हा संच जास्तच गरजेचा आहे. त्यांचे व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट राहते आणि मग एकदम कोसळते. मीटर लावून तिथे काहीच कळत नाही.

फ्यूज, जाड तारा, क्लिपा, तारेभोवती चिमट्यासारखा लावून डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर (बाजारातले बरेचसे स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात, कृपया ते पाठवू नयेत), हायड्रोमीटर, हातमोजे आणि चष्मे धरून खर्च अंदाजे ३४ हजार रुपये होईल. ग्रामपंचायत दहा हजार देत आहे. उरलेल्या २४ हजारांसाठी आपल्यासमोर हात पसरत आहोत. शंभर रुपयेही मोलाचे आहेत. कुणाच्या कंपनीत किंवा महाविद्यालयात वापरातून काढलेला, पण चालू स्थितीतला इलेक्ट्रॉनिक लोड असेल आणि तो रीतसर देणगी म्हणून मिळण्यासारखा असेल, तर कळवा. सर्वात मोठा खर्च तिथेच वाचेल. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी आमची निवड तपासून काही सुचवले, तर खरेदीआधी आम्ही ते नक्की विचारात घेऊ.

माणसांचीही गरज आहे. दहा तास चाललेली चाचणी एकटी सोडता येत नाही. बॅटरीभोवती हवा खेळती ठेवावी लागते, आणि चाचणी संपल्यावर लगेच चार्जिंगला लावली नाही तर चांगली बॅटरीही आपण खराब करून ठेवू. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावणार आहोत. दहावी-बारावीच्या मुलांना परीक्षा संपेपर्यंत कुणीही यात ओढू नये.

देणगी ग्रामपंचायत कार्यालयात रोख किंवा ग्रामपंचायतीच्या नावे धनादेशाने द्यावी आणि पावती अवश्य घ्यावी. शिमग्याला येणाऱ्यांसाठी पालखीच्या दिवसांत कार्यालय संध्याकाळीही उघडे राहील. खरेदी शिमग्यानंतर लगेच होईल आणि एप्रिलमध्ये उपकेंद्राच्या बॅटऱ्यांपासून चाचण्या सुरू होतील. जमाखर्च आणि प्रत्येक बॅटरीचा निकाल १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवू, फलकावरही लावू. बदलायच्या बॅटऱ्या त्यानंतर ठरतील, म्हणजे पावसाआधी महिनाभर हाताशी राहील. संच पुढे शेजारच्या गावांनाही मागणीप्रमाणे वापरायला देऊ.

पथदिव्यांच्या बॅटऱ्या खांबावरून उतरवायला उंच शिडी आणि चढण्याची सवय असलेली चार माणसे लागतील. ज्यांना जमेल त्यांनी आपली नावे पालखीच्या आदल्या दिवसापर्यंत ग्रामसेवकांकडे द्यावीत.

आपली,
ग्राम आपत्ती व्यवस्थापन समिती