पारंपरिक धनुष्याला बाण जडच हवा, पण तोलून-मापून

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

२०२३ ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे या आपल्या महाराष्ट्राच्या दोघांनी कंपाउंडमध्ये, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या आधुनिक धनुष्याच्या प्रकारात, सोनं जिंकलं, तेव्हापासून कोल्हापुरातली पोरंपोरी धनुष्यबाणाबद्दल जास्तच विचारायला लागलीत आणि ही लई चांगली गोष्ट आहे. पण कंपाउंडचा खर्च झेपत नाही म्हणा किंवा मर्दानी खेळाच्या आखाड्यात वाढल्यामुळं ओढ तिकडची म्हणा, बरेचजण साध्या लाकडी नाहीतर बांबूच्या धनुष्याकडं वळतात, आणि इथंच गडबड होते. धनुष्य घेताना चार ठिकाणी चौकशी करतात, घासाघीस करतात, आणि बाण मात्र ऑनलाइन जो स्वस्त दिसेल तो, डझनाचा पॅक. आमच्या पेठेतल्या एका पोराचं नवंकोरं धनुष्य असंच वरच्या अंगाला उकललं. बाण हातात घेऊन बघितला तर पोकळ, पिसासारखा हलका. विकणाऱ्यानं त्याला धनुष्य किती पाउंडाचं, म्हणजे ओढायला किती पाउंडाचा ताण लागतो, तू दोरी कुठंपर्यंत ओढतोस, काहीच विचारलं नव्हतं. म्हणून हे पत्र.

धनुष्य वाकवताना आपण जी ताकद घालतो ती दोरी सोडल्यावर कुठंतरी जायलाच पाहिजे. बाण पुरेसा जड असला तर त्यातली बरीचशी तो घेऊन जातो, हलका असला तर उरलेली धनुष्यातच राहते, मग हाताला झटका, दोरीचा टणत्कार आणि हळूहळू लाकडाला चीर. प्लास्टिकचा बॉल जोर लावून फेकला की खांद्याला कसा हिसका बसतो, तसंच ते. बाण न लावता नुसती दोरी ओढून सोडू नये असं जाणती माणसं सांगतात त्यामागं हेच कारण आहे आणि फार हलका बाण म्हणजे त्याचाच धाकटा भाऊ.

मग जड म्हणजे किती? बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, १ ग्रॅम म्हणजे साधारण १५.४ ग्रेन. पारंपरिक धनुष्याला दर पाउंडामागं ९-१० ग्रेन धरा, ८ च्या खाली जाऊ नका. म्हणजे ४० पाउंड ताण असेल तर बाण ३६० ते ४०० ग्रेन, २३ ते २६ ग्रॅम. आता यात एक मेख आहे. धनुष्यावर लिहिलेला आकडा बहुतेक वेळा २८ इंच ओढल्यावरचा असतो आणि आपल्याकडची कितीतरी पोरं २६ इंचच ओढतात, तिथं इंचामागं दोन-अडीच पाउंड कमी होतात, म्हणजे ४० चं धनुष्य त्याच्या हातात ३५ चंच असतं. हिशोब आपल्या हाताच्या ताणाचा करायचा, छापलेल्या आकड्याचा नाही. आणि तोलायला घरचा किचनचा काटा चालत नाही, गुजरीत कुणी ओळखीचा सराफ असेल तर त्याच्या काट्यावर ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्या टोकाचीपण माणसं आहेत. इंटरनेटवर जड बाणाची जी चर्चा चालते ती बहुतेक परदेशातल्या शिकाऱ्यांची असते, एड ॲशबी नावाच्या माणसानं ६५० ग्रेनच्या पुढचा बाण मोठ्या जनावराचं हाडसुद्धा भेदतो असं मांडलंय, ते व्हिडिओ बघून आपली पोरं ३० पाउंडाच्या धनुष्याला तसला बाण लावायला बघतात. ६५० ग्रेन म्हणजे ४२ ग्रॅम, ३० पाउंडाला ते पाउंडामागं २१ ग्रेनच्या वर जातं. तो बाण ३० मीटरवर पोचेपर्यंत एवढा खाली येतो की नेम कुठं धरायचा हेच कळत नाही. आणि आपल्याला शिकार करायचीच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद आहे आणि बंदच असावी. आपला बाण गवताच्या गठ्ठ्यावर लावलेल्या कागदासाठी आहे. त्याला जडपणा लागतो तो धनुष्य सांभाळायला, सुटताना हात शांत राहायला आणि वाऱ्यात बाण भरकटू नये म्हणून. हलका बाण सुरुवातीला जोरात पळतो खरा, पण हवेत त्याचा वेग लवकर मरतो, जडाचा टिकून राहतो.

वजनाएवढंच महत्त्वाचं म्हणजे बाणाच्या काठीचा ताठपणा, ज्याला स्पाइन म्हणतात. साध्या धनुष्यात बाण सरळ मधनं जात नाही, धनुष्याच्या बाजूनं जातो, त्यामुळं सुटताना तो आधी वाकतो, मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. काठी मऊ असली तर जास्त वाकते, ताठ असली तर वाकायलाच तयार नसते. उजव्या हातानं तीन बोटांनी दोरी ओढणाऱ्यानं बिनपिसाचा बाण मारून बघावा, पिसाच्या बाणांपेक्षा तो उजवीकडं लागला तर काठी मऊ, डावीकडं लागला तर ताठ. अंगठ्यानं दोरी ओढणारे बाण धनुष्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवतात, त्यांचं सगळं उलटं. आता जड बाण करायचा म्हणून लोक काय करतात, आहे त्याच काठीला पुढं मोठं टोक लावतात. वजन वाढतं, पण पुढचं ओझं वाढलं की काठी सुटताना जास्त वाकते, म्हणजे मऊ असल्यासारखी वागते. टोक जड केलं तर काठी जास्त ताठ घ्यावी लागते नाहीतर थोडी आखूड करावी लागते, नुसतं टोक बदलून भागत नाही.

ताठपणा मोजायला मशीन पाहिजे असंपण नाही. एका फळीवर बरोबर २६ इंच अंतरावर दोन खिळे मारा, त्यावर काठी आडवी ठेवा, मधोमध २ पाउंडाचं म्हणजे ९०७ ग्रॅमचं वजन टांगा आणि काठी किती खाली आली ते पट्टीनं बघा. २६ ला त्या इंचांनी भागलं की काठीचा ताठपणा पाउंडात येतो. अर्धा इंच खाली आली तर ५२, पाऊण इंचाच्या थोडं अलीकडं म्हणजे ०.६५ इंच आली तर ४०. हे लाकडी आणि बांबूच्या काठीचं गणित, कार्बनवर ५००, ६०० असे आकडे असतात ते वेगळ्या मापाचे, तिथं आकडा मोठा तितकी काठी मऊ.

आता मला जे खरं सांगायचंय ते. असा बाण आपल्याकडं बनू शकतो, बाहेरून मागवायची गरजच नाही. आपल्या पश्चिमेच्या तालुक्यांत आणि घाटाखाली सिंधुदुर्गात माणगा नावाचा बांबू मिळतो, तो जवळजवळ भरीव असतो, त्याची पट्टी फाडून गोल केली की पोकळ काठीपेक्षा चांगली जड आणि चिवट काठी मिळते. पोलादी पट्टीला ९ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि रंधा मारलेली बांबूची पट्टी त्यातनं ओढत जायची, काठी गोल होत जाते. ती पोलादी पट्टी आणि पुढची पितळी टोकं उद्यमनगरातला कुठलाही लेथवाला करून देईल, ८ ग्रॅमचं टोक सांगा नाहीतर १० चं, जे लोक इंजिनाचे पार्ट काढतात त्यांना यात काय अवघड आहे.

बांबू पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेला घ्यावा, त्याला भुंगा कमी लागतो. सावलीत नीट वाळू द्यावा, उन्हात टाकला की तडकतो. वाळल्यावर काठी वाकडी असणारच, कोळशाच्या शेगडीवर वाकलेला भाग हळूहळू फिरवत गरम करायचा, सालीला हलकासा तांबूस रंग यायला लागला की हातात फडकं धरून उलट बाजूला दाबायचा आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. घाई केली की पुन्हा तिथंच वाकतो. पेरं सगळी घासून सपाट करायची नाहीत, फक्त हाताला लागणार नाहीत एवढीच. मागची खाच पेराच्या जवळ येईल अशी काठी कापायची आणि खाचेच्या बुडाला दोऱ्याची घट्ट गुंडाळी करून वर गोंद, नाहीतर दोरीच्या मारानं काठी तिथनंच उभी चिरते. सालीची बाजू सगळ्या बाणांना खाचेच्या एकाच बाजूला आली पाहिजे, म्हणजे सगळे बाण सारखेच वाकतील. पिसं टर्कीची किंवा बदकाची, एका बाणाला सगळी एकाच बाजूच्या पंखाची, डावी-उजवी मिसळली की बाण डुगडुगतो.

शेवटी तोल बघायचा. बाण बोटावर आडवा ठेवून कुठं तोलतो ते बघा. ७५ सेंटिमीटरचा बाण असेल तर मध्य साडेसदतीसवर, आणि तोल त्याच्या पुढं ८ ते ११ सेंटिमीटरवर आला की झालं. आणि एका माणसाच्या सगळ्या बाणांच्या वजनात १० ग्रेनपेक्षा, म्हणजे अर्ध्या-पाऊण ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. माझं तर म्हणणं आहे की एक सुंदर बाण आणि पाच भलतेच यापेक्षा सहा सारखे साधे बाण कधीही चांगले, नाहीतर चूक हाताची का बाणाची हे शिकणाऱ्याला कधीच कळणार नाही.

एक काळजीची गोष्ट. जड बाण घुसतोपण जास्त. रंकाळ्याच्या काठाला, कॉलेजच्या मोकळ्या ग्राउंडवर, शिवजयंतीच्या मिरवणुकीत हौस म्हणून बाण सोडणं थांबलं पाहिजे, मागं जाड गठ्ठे आणि त्याच्या मागं माणूस येणार नाही अशी जागा असल्याशिवाय दोरी ओढूच नये. आणि प्रत्येक वेळी मारायच्या आधी बाण दोन्ही हातांत धरून थोडा वाकवून कानाशी न्यावा, बारीक करकर आवाज आला तर तो बाण तिथंच मोडून टाकावा. बांबूचा असो का कार्बनचा, चिरलेला बाण सुटताना फुटला तर काठी थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसते.

माझी विनंती दोनच लोकांना आहे. विकणाऱ्यांनी बाणाच्या पाकिटावर वजन आणि स्पाइन लिहावं आणि गिऱ्हाइकाला त्याचा ताण विचारल्याशिवाय बाण देऊ नये. आणि आखाड्यांच्या वस्तादांनी लाठी, पट्टा, विटा (दोरी बांधलेला भाला) जसा मन लावून शिकवताय तसं पोरांना महिन्यातनं एक दिवस बाण करायलापण बसवावं, बुरूड कारागिरांना मानानं बोलवून त्यांच्याकडनं बांबू फाडायचं शिकून घ्यावं, त्यांच्या हाताला चार पैसेही मिळतील. राष्ट्रीय स्पर्धेत बांबूच्या धनुष्याचा इंडियन राउंड असतो, त्यात कोल्हापूरच्या पोरांनी इथंच केलेल्या बाणांनी उतरावं असं मनापासून वाटतं. कुणी सुरू करणार असेल तर फळी, खिळे आणि वजन घेऊन मी यायला तयार आहे.

आपला,
एक वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर